भिंतीमागची चहावाली

मंडळी, दुपारपासून मी एका खोलीत अडकलेय आणि त्या खोलीला दारच नाही.

घाबरू नका, खोली लॅपटॉपमधली आहे. माझा मावसभाऊ नीलेश इथे नाशिकमध्येच गेम बनवतो. त्यात एसटी स्टँडवर एक चहावाली होती आणि तिला आवाज माझा. आपली अहिराणीच पाहिजे म्हणून या पठ्ठ्यानं मला पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन बोलायला लावलं. सटाण्याला आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय.

आज डेमो आला. अख्खा स्टँड पालथा घातला, चहावाली कुठेच नाही! वैतागून चौकशीच्या खिडकीशेजारी उड्या मारत बसले, तर भिंतीतून थेट पलीकडे पडले. रिकामी करडी खोली. मधोमध चहावाली, दोन्ही हात पसरून ताठ उभी. जवळ गेलं की माझ्याच आवाजात म्हणते, "बठ ना भाऊ, गाडीले टाईम शे."

नीलेशला फोन लावला. "अगं ताई, ते कॅरेक्टर कापलं. तुला सांगणारच होतो. आतून काढायचं राहिलं वाटतं. गेम बंद करून परत चालू कर, सुटशील. उद्या ती खोलीच उडवतो."

संध्याकाळ झाली, मी गेम बंद केलेला नाही. आईचा फोन वाजतोय. काय सांगू तिला, तुम्हीच सांगा.

चहावाली आपली अजून बसा, गाडीला वेळ आहे म्हणतेय. तिथे गाडी येणारच नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला तरी कुठे सांगितलं होतं?