वस्तादांचा काढा आणि तुळजापूरचा घाट

आमच्या गल्लीतले तालमीचे वस्ताद चहाला विष म्हणतात. "च्यानं मांड्या भुसभुशीत हुत्यात, मास्तर," हे मी रोज ऐकतो, तेही कप हातात असताना. शेवटी ठरलं, सोलापूरहून तुळजापूरला सायकलनं जायचं आणि घाटाच्या चढावर सायकलवरून आधी कोण उतरतो ते बघायचं.

शनिवारी पहाटे निघालो. सायकली भाड्याच्या, दिवसाला चार आणे. ब्रेक आधी बघून घ्या. आम्ही घेतले नाहीत. वहिनींनी, म्हणजे वस्तादांच्या मंडळींनी, त्यांना आलं-तुळशीच्या काढ्याची बाटली दिली होती. निजामाच्या हद्दीवर शिपायानं हटकलं, "बाटली में क्या है मियाँ?"

"ताकद!" वस्ताद म्हणाले.

तामलवाडीला मी दोन कप चहा घेतला, त्यांनी बाटली रिकामी केली. घाटात कुणीच उतरलं नाही. मी धापा टाकत होतो आणि हा पन्नाशीचा गडी चक्क गात होता. देवीचं दर्शन घेऊन धर्मशाळेत मुक्काम केला. तिथे पिठलं-भाकरी मिळते, शेंगाचटणी मात्र घरून न्या.

रविवारी परतताना बहुतेक उतारच. आणि वस्ताद उतारावर दमले! मी पोटभर हसून घेतलं. ते डोकं धरून मैलाच्या दगडावर बसले. मैल आणि घड्याळ ताडून पाहिलं, तर वेग कालच्यापेक्षा जास्तच होता. पाय चालत होते, वस्तादांना ते पटत नव्हतं, एवढंच. मी चहा सुचवला, त्यांनी तोंड फिरवलं.

"पाय शिशाचं झाल्यात. वय झालं. उद्यापासनं तालीम बंद."

तालमीशिवाय हा माणूस जगणार कसा? मला खरंच भीती वाटली.

घरी पोचल्यावर वहिनींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"काडा कालच संपला व्हय? मग बराबर हाय की," त्या कुजबुजल्या. "त्यात मूठभर च्याची पूड असती. मागल्या साली असंच तालीम बंद करत हुतं, तवापासनं घालते. बोलू नगा, न्हाईतर काडाबी सोडतील."

सोमवारी सकाळी तालमीत डोकावलो. वस्ताद काढा पिऊन जोर मारत होते.

"तुमच्या च्याच्या वासानं माझं पाय जड झालं हुतं, मास्तर! सोडा ते इख. रोज हितं येऊन काडा प्या."

वाद मी हरलो. आता रोज जातो. वहिनींचा चहा आमच्या घरच्यापेक्षा कडक असतो. वस्तादांसमोर तो पिताना तेवढं कडू तोंड करावं लागतं.