बाबूजींच्या गाडीची डिकी

तिरोड्याच्या आमच्या मिस्त्रीच्या तोंडात सदा तंबाखूचा खर्रा असतो, त्यामुळे तो सहसा बोलत नाही. बाबूजींची जुनी अँबेसेडर आता माझ्याकडे आली आहे. ती रेल्वेपुलाच्या चढावर धापा टाकायची, म्हणून त्याच्याकडे नेली. त्याने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटले. मग कार्बोरेटर साफ केला आणि डिकी उघडली. आत जुनी बॅटरी, धानाचं अर्धं पोतं आणि बिघडलेला मोटारपंप होता. तो बाजूला जाऊन थुंकून आला.

"इंजनले कायले बदनाम करून राहिले जी?"

सगळं उतरवलं. तळाशी एक दगड होता, तो मी फेकला.

गाडी पूल जरा बरी चढली. परत येऊन त्याच्या दारातल्या चढावर उभी केली, तर मागे घसरू लागली. त्याने धावत जाऊन तोच दगड चाकाखाली सरकवला आणि पुन्हा थुंकला.

"बाबूजीचा हँडब्रेक कायले फेकला?"