काळूराम गुरुजींचं गलबत

टोकावड्याच्या पुढे डोंगराला लागून असलेल्या एका वाडीत शाळा होती आणि काळूराम गुरुजी तिचे मुख्याध्यापक होते. राहायला मुरबाडला. सकाळच्या एसटीनं उशिरा यायचे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून घंटा लवकर वाजवायचे. वाडीतल्या मुलांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "यांच्या डोक्यात काय शिरत नाय," ते म्हणत. हे मत त्यांनी कधी तपासलं नव्हतं. त्यासाठी शिकवून पाहावं लागलं असतं.

सत्त्याण्णव साली माळशेजला येणाऱ्या ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी शाळेला एक खोका दिला. आत शिडाच्या जुन्या लढाऊ गलबताचे सुटे भाग होते. लाकडाच्या पातळ पट्ट्या, डोलकाठ्या, दोरे, शिडांचं कापड, हरभऱ्याएवढ्या पितळी तोफा. झाकणावर पूर्ण गलबताचं चित्र होतं.

"हे मुलांना जोडू द्या," बाई म्हणाल्या. "चुकलं तरी चालेल. मी परत बघायला येईन."

गुरुजींनी मान डोलावली. बाईंची गाडी वळणाआड गेली आणि खोका कपाटात गेला. शनिवारी तो गुरुजींच्या मांडीवर बसून मुरबाडला पोचला. तिथे त्यांच्या बायकोनं, हौसानं, घरभर पडलेला भुसा एक आठवडा सोसला आणि सगळं परत शाळेत धाडलं.

मग गुरुजी वर्गातच गलबत बांधू लागले. मुलांना पाढे लिहायला सांगायचे आणि टेबलावर पट्ट्या मांडायचे. मुलांना काम एकच, पट्ट्या पॉलिशपेपरनं घासून द्यायच्या. घासून झालं की जागेवर जाऊन बसायचं.

"गुरुजी, मी एक चिकटवू?" गंगी नावाच्या चौथीतल्या मुलीनं एकदा विचारलं.

"तुझ्या बापानं समुद्र बघलाय काय?" गुरुजी म्हणाले. त्यांनी स्वतः तो एकदा जुहूला, भेळ खाताना पाहिला होता.

शिडांच्या कापडावर चहा सांडला, तेव्हा गुरुजींनी मुलांच्या गणवेशासाठी आलेल्या पांढऱ्या ताग्यातून हवं तेवढं कापलं. त्या वर्षी दोन मुलांना सदरे मिळाले नाहीत. सुकाणू त्यांच्याच बुटाखाली मोडलं. त्याच्या जागी त्यांनी आइस्क्रीमची काडी लावली आणि रंग फासला.

तालुक्याच्या प्रदर्शनात हे गलबत 'टाकाऊपासून टिकाऊ' या गटात मांडलं गेलं. त्यात टाकाऊ एवढी ती काडीच होती. परीक्षकांना गुरुजींनी सांगितलं की, सगळं लाकूड वखारीतल्या ढलप्यांचं आहे. परीक्षकांना जेवायची घाई होती. पहिला नंबर आला. पेपरात गुरुजींचा फोटोही आला, गलबतापेक्षा मोठा.

डॉक्टरीणबाई सांगितल्याप्रमाणे आल्या. गुरुजींनी गलबत मध्ये ठेवून मुलांना भोवती उभं केलं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी गंगीला विचारलं, "यातलं तू काय केलंस गं?"

"आमी नाय केला," गंगी म्हणाली. "गुरुजींनी केला. आमी घासून दिला."

बाईंनी सगळ्या मुलांकडे पाहिलं. त्यातली दोन जुन्या, विटक्या सदऱ्यांत होती. मग त्या उठल्या. "फार मेहनत घेतलीत तुम्ही," त्या गुरुजींना म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून दुसऱ्या कुणीही मान खाली घातली असती. गुरुजींना ते कौतुक वाटलं. संध्याकाळी त्यांनी हौसाला बाईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

बाई पुन्हा त्या वाडीत आल्या नाहीत. पुढचे खोके किन्हवलीकडच्या एका शाळेला गेले आणि तिथली मुलं बाकांवर चढून गलबतं जोडतात, हे गुरुजींच्या कानावर आलं.

"नासाडी," ते म्हणाले.

प्रदर्शनातलं बक्षीस त्यांच्या फार कामी आलं. ते केंद्रप्रमुख झाले, इतरांच्या शाळा तपासू लागले, आणि वेळ पाळण्याबद्दल शेरे लिहू लागले. वाडीतून बदली झाली त्या दिवशी त्यांनी गलबत स्वतःचं म्हणून उचलून नेलं. कुणी अडवलं नाही. मुलांना निरोपाचं भाषण मात्र पाठ करायला लावलं होतं.

दोन हजार सहा साली शाल-श्रीफळ घेऊन ते निवृत्त झाले. घरी नवा मोठा टीव्ही आला, तशी हौसानं शोकेस रिकामी करून गलबत माळ्यावर टाकलं. डोलकाठ्या आडव्या झाल्या. गुरुजी समोर बसून टीव्ही बघत होते. गलबत जागेवर नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला दिवाळी उलटली, आणि आल्यावरही ते उठले नाहीत.