आप्पा मेस्त्री आणि तिसरा सिलिंडर

आप्पा मेस्त्री गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. मालकाला शेजारी बसवायचे, स्वतः चालवायचे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर मालकाला तोंड उघडू द्यायचे नाहीत. मला तर बोलल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या भेटीत मी तीनदा बोलायला गेलो आणि तिन्ही वेळा त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून माझ्यासमोर आडवा धरला. मग गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "हां, आता सांग. पण गाडीनं सांगितलंय त्याच्यापेक्षा निराळं काय असलं तरच सांग."

निपाणीत हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांचं गॅरेज होतं. मी त्यांच्याकडे गेलो तो एका वकिलामुळे. संकेश्वरच्या बाजूला माळावर दरवर्षी गाड्यांची स्पर्धा भरते. मातीतला वळणावळणाचा ट्रॅक, एका वेळी एक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. टर्बो नसलेल्या, म्हणजे इंजिन स्वतःच्या दमावर हवा ओढतं अशा गाड्यांचा वेगळा गट असतो. त्या गटात बेळगावचे एक हौशी वकील माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी पुढे राहिले. तेवढं मी सोडून दिलं असतं. पण बक्षीस घेताना ते म्हणाले, "भंगारवाल्याची गाडी बरी पळते की." लोक हसले. माझी आई विड्या वळायची. भंगारातून चालू पार्ट निवडून विकत विकत मी स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान उभं केलं. ते दुकान कुणाला दिसलं नाही, भंगार तेवढं दिसलं. पुढच्या वर्षी त्या माणसाला हरवायचं, यापलीकडे मला दुसरं काही सुचेना.

आप्पांनी ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर क्रम लिहून दिला. आधी इंजिनाची तब्येत. मग टायर आणि ब्रेक. मग धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या. मग आत येणारी हवा. आणि सगळ्यात शेवटी मॅपिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची आणि ठिणगीची गणितं बदलणं. एवढं थांबायला मी तयार नव्हतो. मी कोल्हापुरात अर्धा दिवस घासाघीस करून सगळं सामान एकगठ्ठा उचलून आणलं आणि त्यांच्यापुढं मांडलं. त्यांनी एकेक डबा उघडून बघितला.

"भाव चांगला केलास," ते म्हणाले.

"मग बसवा की सगळं. नट-बोल्टचं तर काम आहे."

"सगळं एकदम बसवलं तर कुठल्यानं काय झालं, कुणाला विचारणार? तुझ्या कोल्हापूरच्या दुकानदाराला?"

एका वेळी एकच वस्तू, हा त्यांचा कायदा होता. वस्तू बसवली की आम्ही तवंदी घाटात जायचो. ठरलेल्या झाडापासून ठरलेल्या दगडापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून. मी चालवायचो, आप्पा घड्याळ धरायचे. वेळ कमी झाली तर वस्तू राहायची, नाही तर त्याच दिवशी निघायची. उघडा एअर फिल्टर बसवला तेव्हा गाडी अशी गुरगुरायला लागली की मला वाटलं, आत्ताच्या आत्ता बेळगावला जाऊन वकिलांच्या दारात उभी करावी. आप्पांनी घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. वेळ वाढली होती.

"आवाज वाढलाय, पळणं न्हाय. इंजनाचीच गरम हवा इंजनाला पाजतोयस."

फिल्टर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. कंपनीचाच फिल्टरचा बंद डबा परत बसवला आणि त्याला बंपरच्या मागून गार हवेची नळी जोडली. वेळ खाली आली. मला आनंद व्हायला हवा होता. तो फिल्टर मी किती भांडून, भाव पाडून घेतला होता हेच आठवत राहिलो.

भांडण झालं ते तिसऱ्या सिलिंडरवरून. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, फक्त मॅपिंग उरलं होतं. आप्पांनी पुन्हा एकदा कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते मोजलं. चारातले बाकीचे सिलिंडर ठीक, तिसऱ्याचं मात्र आधीपेक्षा खाली गेलेलं.

"ह्यो दम टाकतोय. इंजन उघडावं लागंल. महिना धर."

"स्पर्धा झाल्यावर उघडू."

"मग मॅपिंग बी स्पर्धा झाल्यावर."

मी ओरडलो, मग विनवलं, मग दुसऱ्या मेस्त्रीची भीती घातली. ते हात पुसत उभे राहिले. मी गाडी काढली आणि बेळगावला जाऊन मॅपिंग करून घेतलं. गाडी अशी पळायला लागली की परत येताना हायवेला मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो.

स्पर्धेच्या सकाळी गाड्या तपासायला आप्पाच होते. दरवर्षी तेच असत. या भागात त्यांच्याशिवाय कुणाच्या सहीला किंमत नव्हती. माझा नंबर आल्यावर त्यांनी रेस द्यायला सांगितलं. एकदा, दोनदा. मग बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले. मला बारीकशी टकटक ऐकू आली होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी कागदावर फुली मारली आणि टेबलाकडं तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाडी माझ्याच हातची हाय. ही पळणार न्हाय."

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वकील जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं कधीकधी." त्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं.

इंजिन मी दुसरीकडं उघडलं. तिसऱ्या पिस्टनला कडेनं तडा गेला होता. तिथला मेस्त्री म्हणाला, "एखाद-दुसरं वळण पळाली असती. मग इंजिन फुटून बाहेर आलं असतं." हे ऐकून माझा राग शांत व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. माणूस बरोबर होता म्हणून त्यानं मला चारचौघांत उघडं पाडायचं?

तोवर आप्पांचे हात कापायला लागले होते. गॅरेज बंद करून ते लोंढ्याला मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. कित्येक महिने मी गेलो नाही. मग एका सकाळी तो पिस्टन पिशवीत घातला आणि गेलो. आप्पा पडवीत बसले होते. मी पिस्टन त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तड्यावरून नख फिरवलं.

"नवा घातलास?"

"चारी नवे घातले."

"कॉम्प्रेशन?"

"सगळे सारखे."

"बरं केलंस. च्या घेणार?"

"आप्पा, मला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? त्या वकिलासमोर?"

त्यांनी पिस्टन हातात फिरवला. "बाजूला घेतलं असतं, तर तू भाव केला असतास. एकच फेरी, आप्पा, म्हणाला असतास. आणि मी दिली असती रं."

मी उठलो. रागानंच उठलो, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. पायरीवर असताना मागून हाक आली.

"आता मॅपिंग परत नीट करून घे. माझी परवानगी हाय."

"परवानगी मागितली कुणी?"

"मग लोंढ्यापतोर कशाला आलतास?"

पुढच्या स्पर्धेला तपासणीच्या टेबलावर दुसरंच कुणी होतं. आप्पा त्याच्या महिनाभर आधीच वारले होते. मी धावलो. वकील याही वेळी माझ्यापुढंच राहिले, पण अर्ध्या सेकंदानं. इंजिन शेवटच्या वळणापर्यंत स्वच्छ ओढत होतं, आणि शर्यत संपल्यावर मी ते बंद न करता बराच वेळ तसाच बसून राहिलो. चारचौघांतल्या त्या फुलीबद्दल आप्पांना माफ करावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.