मुख्तारचाचांसमोर न पडणारं मशीन

दिग्रसचे मुख्तारचाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी संगणक शिकून घेतला, आणि तोही असा, की गावातल्या कापसाच्या जिनिंगमधलं दोन प्रोसेसरांचं मशीन त्यांनी स्वतः जोडून दिलं. दोन्ही वजनकाटे त्या एकाच मशीनला जोडलेले. एका काट्याच्या टेबलावर शीला बसायची, दुसऱ्यावर आसिम.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. गाडीवाले आधीच वैतागलेले, त्यात हे मशीन मधूनच बंद पडायचं. पडदा गोठायचा आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटायची. की घाईघाईनं बंद करून पुन्हा चालू करायचं आणि चाचांना निरोप धाडायचा. चाचा सायकलवरून येत, शेजारी बसून राहत, आणि मशीन गुमान चालत राही. त्यांनी मेमरी बदलली, पंख्यात अडकलेली रुई काढली. घरी पोचतात न पोचतात, तो पुन्हा निरोप.

"चाचा, तुमचा फोटोच लावतो आता मशीनवर," आसिम म्हणायचा.

"लाव. हार नको घालू म्हणजे झालं."

मॅनेजर नीळकंठरावांना मात्र आता हसू येत नव्हतं. "मुख्तारभाई, नागपूरवाले सोमवारी नवं मशीन घेऊन येऊन राह्यले. तुमचं मशीन काढतो. मी तरी काय करू?"

हातात घेतलेली वस्तू दुरुस्त न करता चाचांनी आजवर सोडली नव्हती. ही पहिली ठरणार होती.

शनिवारी ते गेले तेव्हा शीला नेहमीसारखी उठली, आपली खुर्ची त्यांना दिली आणि बाजूला उभी राहिली. बसल्या बसल्या चाचांना दिसलं, आपण आल्यापासून शीलाच्या काट्यावर एकही गाडी चढलेली नाही.

"बेटी, तुझं काम कोण करून राह्यलं?"

"तुम्ही गेल्यावर करतो ना. तुम्हाले उभं ठेवून मी बसू काय?"

"बस! मी आलोच नाही असं समज."

चाचा बाहेर जाऊन खिडकीतून पाहू लागले. दोन्ही काटे सुरू झाले. बऱ्याच गाड्या सुखरूप गेल्या, आणि मग पडदा गोठला.

"पडलं!" चाचा इतक्या आनंदानं ओरडले, की गाडीवाले त्यांच्याकडे पाहतच राहिले.

पांढऱ्या अक्षरांत काटे जोडणाऱ्या कार्डाच्या प्रोग्रामचं नाव होतं. तो एका प्रोसेसरच्या जमान्यात लिहिलेला. आता दोन्ही काटे एकदम चालले, की दोन्ही प्रोसेसर कधीमधी एकाच क्षणी त्यात शिरत, एकानं अर्धवट ठेवलेलं दुसरा उचलत असे, आणि मशीनचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो कोसळे. चाचांनी त्या प्रोग्रामला कुलूप घातलं. एक आत असला, की दुसऱ्यानं दाराशी थांबायचं.

कधीतरीच पडणारं मशीन आज पडलं नाही, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रविवारच्या गर्दीत त्यांनी शीला आणि आसिमला दिवसभर एकदमच वजन घ्यायला लावलं. शेवटची गाडी उतरेपर्यंत मशीन चालत राहिलं.

नीळकंठरावांनी नागपूरला फोन लावला.

"हो, उद्या या म्हटलं होतं. पण आता कायले येता? आमचं मशीन आहे की आमच्यापाशी."