सगळ्या बाटल्यांना सारखा फेस

कुवेतमध्ये दारूबंदी आली तेव्हा मला वाटलं, सुटले मी. कसली सुटतेय! वर्षभरात माझा नवरा हातभट्टीची प्यायला लागला. कुणीतरी कुठल्याशा घरात चोरून गाळलेली, पाण्यासारखी पांढरी. त्याच्या ऑफिसातल्या एकाचे ती पिऊन डोळे गेले. त्याला हाताला धरून विमानात बसवून आलेला माझा नवरा त्याच संध्याकाळी पुन्हा तीच पीत बसला. "मग काय करू? बिअर तरी मिळते का इथे?" म्हणाला.

म्हणून मी बिअर करायला घेतली. माझ्या माहेरी विडीसुद्धा कुणी ओढत नसे. पण डोळे जाण्यापेक्षा बिअर परवडली. मॉल्टचा काकवीसारखा दाट अर्क, साखर, पावाचं यीस्ट, आणि सालमियातल्या आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात एक झाकलेलं पिंप. आंबायचं ते छान आंबे. घोडं अडे ते बाटल्या भरताना. बूच ठोकण्याआधी प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर घालायची, उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि आत गॅस धरतो. माझ्या बहुतेक बाटल्या मिळमिळीत निघत. नवरा घोट घेई, तोंड वाकडं करी, "हे धुण्याचं पाणी आहे," म्हणे आणि चपला घालून बाहेर पडे. फेस नाही आला की तो तिकडे हातभट्टीवर जाणार, हे ठरलेलंच.

एका दुपारी तर तीन-चार बाटल्या धडाधड फुटल्या. शेजारी रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब राहायचं. तिथल्या भाभी दारात आल्या.

"काय फुटला गो?"

"लोणच्याच्या बरण्या," मी म्हटलं.

वास जिन्यापर्यंत गेला होता. ओढणीचं टोक नाकाला लावून त्या म्हणाल्या, "सांभाळून ऱ्हा गो." आणि माझंच दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं. मी तिथेच काचांमध्ये बसून रडले.

घोळ तुरटीने घातला होता. बिअर गढूळ दिसू नये म्हणून, विहिरीच्या पाण्यात फिरवावी तशी मी पिंपात तुरटी फिरवायची. सगळं यीस्ट तळाशी बसे. वरच्या निवळ बाटल्यांत साखर खायला कुणी उरतच नसे. तळच्या बाटल्यांत यीस्टचा रेंदा, त्यावर माझा शिगोशीग चमचा आणि वर इथला उन्हाळा! मग तुरटी फेकली. साखरेचा पातळ पाक करून सगळ्या पिंपात एकदमच हलक्या हाताने ढवळला, एकाच मापाच्या जाड बाटल्या भरल्या आणि एकाच गार कोपऱ्यात ठेवल्या.

शुक्रवारी सुट्टीच्या जेवणाला पहिली उघडली. फस्स! दुसरीही तशीच, तिसरीही. नवऱ्याने ग्लास उजेडात धरला. "अगदी विलायती झालीय गं," म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मटणाबरोबर त्याने तिन्ही संपवल्या. मला इतका आनंद झाला की मी जेवायचीच विसरले.

मग त्याने हात धुतले आणि चपला घातल्या.

"अहो, आता कुठे?"

"येतो जरा."

आज तोंड वाकडं नव्हतं, तक्रार नव्हती. बिअर वाईट होते म्हणून तो जातच नव्हता कधी. आता करण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नाही. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. रस्ता ओलांडताना त्याने दोन्हीकडे नीट बघितलं. अजून दिसत होतं त्याला.