राजाच्या सुतकात कोंडलेली पेरीन

पॅरिसच्या राजवाड्यात पेरीनला सगळे खळवाली म्हणत. राणीच्या ओढण्या धुवायच्या, खळ द्यायची आणि ओल्या असतानाच त्यांना बारीक चुण्या पाडायच्या, हे तिचं काम. नकला तर अशा करायची की धोबीखान्यातल्या बाया पिळे टाकून पोट धरून बसत. त्यातही कोर्बिन्यी बाईसाहेबांची नक्कल फर्मास. राणीच्या महालातल्या मुख्य बाई त्या, आणि सगळं बोलणं नाकातून. "पेऽऽरीन! ही चुणी म्हणायची की बैलाच्या गळ्याचं लोंबतं कातडं?"

राजा वारला त्या आठवड्यात पेरीनचा नवरा मातुरँ घरी तापानं फणफणला होता. सेन नदीवरचा नावाडी. गारठ्यात पाण्यात पडला आणि छाती भरली. राजवाड्यात चाकरमाणसांना सुतकाचे काळे झगे वाटत होते. जाड, ऊबदार लोकर. पेरीनचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण ती कोपरं मारत पुढे घुसली आणि एक पदरात पाडून घेतला. मातुरँला पांघरूण होईल, एवढाच विचार. तोवर अंगात चढवला आणि राणीच्या डोक्यावर पांढरी ओढणी टाचायला महालात गेली.

विधवा राणी पांढऱ्यात, बाकी सगळे काळ्यात, ही तिथली रीत. राणीनं चाळीस दिवस बंद महालात काढायचे, खिडक्यांना काळे पडदे, उजेड मेणबत्त्यांचा. राजाला मूलबाळ नव्हतं. राणीला दिवस गेलेत की नाही हे कळेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही; उद्या कुणी म्हणायला नको की तान्हं पोर टोपलीतून आणून ठेवलं. पेरीनला हे सगळं ठाऊक होतं. पण कोंडतात ते बड्या घरच्या बायकांना, खळवालीला कोण कोंडतंय, अशा भ्रमात ती राहिली.

टाचण्या लावून वळली तेव्हा दाराला अडसर पडला होता.

"बाईसाहेब, मी जाते आता. घरी माणूस आजारी आहे."

"जातेस? काळं घातलंस ना वाड्याचं? मग तू सुतकातली."

"हा परत घ्या! हा बघा, काढते."

"राणीसाहेबांसमोर झगा काढतेस? लाज सोडलीस का गं?"

भिंतीत हातभर झरोका होता. मुदपाकातली पोर जिलेत, पेरीनच्याच वस्तीतली, तिथून रस्सा-पाव आत सरकवायची. पेरीन तोंड लावून विचारायची, "जिले, कसाय गं तो?"

"तुझं नाव घेतोय सारखं. सासू तुझी पाय चोळत बसलीय. म्हणते, सुनेला म्हणावं राणी झालीस का आता?"

पुढे पुढे जिलेत ताटली ठेवायची आणि उत्तर न देताच निघून जायची. पेरीन झरोक्यात हाका मारत राही. आतल्या बायका कंटाळून म्हणत, "खळवाले, एखादी नक्कल तरी कर." ती झरोक्यापासून हलायची नाही.

शेवटी ती राणीच्या पायांवर पडली. "राणीसाहेब, तासाभरासाठी सोडा. त्याला बघून येते."

राणी एकोणीस वर्षांची. हनुवटीपर्यंत पांढऱ्यात आवळलेली. तिनं पेरीनकडे पाहिलंसुद्धा नाही, पडद्याकडे बघत म्हणाली, "मला तरी कुठे सोडतायत?"

"ऐकलंस?" कोर्बिन्यी बाई फिस्कारल्या. "इथं राजा गेलाय, आणि हिला नावाड्याची पडलीय!"

राणीला दिवस गेलेले नव्हते. ते नक्की झालं, मुदत संपली आणि दार उघडलं. पेरीन उन्हात डोळे चोळत, धडपडत, नदीकाठच्या आपल्या खोलीवर आली. सासू चुलीपाशी बसली होती. खाट मोकळी होती.

"माती देऊन झाली," सासू म्हणाली. "जिलेतला मीच सांगितलं, तिला कळवू नकोस. आत कोंडलेल्या बाईनं ऐकून करायचं काय?"

पेरीन उंबऱ्यातच बसली. "माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"विचारत राहिला. शेवटच्या दिवशी डोळ्यांना दिसेना त्याला. मग मीच म्हटलं, आली बघ तुझी पेरीन. आणि शेजारणीचा, ओदीलचा हात दिला त्याच्या हातात."

"ओदीलचा?"

"मग काय करू? जीव अडकला होता पोराचा."

"त्याला कळलं नाही?"

सासूनं राख उकरली. "म्हणाला, हात मऊ लागतोय गं आज."

"आणि?"

"आणि काय? सोडला नाही."

पेरीननं आपले खळीनं फुटलेले तळवे झग्यात लपवले. सासू म्हणाली, आत ये, रस्सा आहे. ती आत गेली नाही.